घरच्यांसाठी नवा पदार्थ करताना: नवशिक्यांसाठी पहिल्या पायऱ्या

वरण-भात, पोळी, दोन-चार रोजच्या भाज्या जमायला लागल्या की घरच्यांना काहीतरी वेगळं करून घालावं असं वाटू लागतं. ही इच्छा फार मोलाची आहे. पुष्कळदा मात्र पहिल्याच उत्साहात सात मसाले, तीन वाटणं आणि कधी न हाताळलेलं पीठ असा बेत ठरतो, ओट्यावर पसारा होतो, जेवणाला दहा वाजतात आणि करणाऱ्याचा धीर सुटतो. खरं तर त्या माणसाला स्वयंपाक येत नसतो असं नाही. त्याने एकाच वेळी खूप अनोळखी गोष्टी अंगावर घेतलेल्या असतात.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा: नव्या पदार्थात नवी गोष्ट एकच असावी. बाकीचं सगळं तुमच्या हाताला आणि घरच्यांच्या जिभेला ओळखीचं असू द्या. या लेखातल्या पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

पदार्थ निवडताना

पदार्थ बिघडला तर तो खाता येईल का, हे आधी पाहा. थालीपीठ तव्यावर मोडलं तरी तुकड्यांवर लोणी घालून चवीने खाल्लं जातं. वरणफळं, म्हणजे आपल्याकडे बऱ्याच भागात ज्यांना चकोल्या म्हणतात ती, जाड झाली तरी वाया जात नाहीत. मसालेभात थोडा मऊ झाला तर वरून तूप घालून वेळ निभते. पुरणपोळी, उकडीचे मोदक, चिरोटे, अनारसे यांची गोष्ट वेगळी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं आणि एवढं करून तुपात अनारसं हसलं, म्हणजे सुटून विरघळलं, की काहीच हाती लागत नाही. हे पदार्थ जरूर शिका, पण घरातल्या जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिका. एकट्याने पहिला नवा पदार्थ करायचा तर आमटी, कढी, भात, थालीपीठ, उसळ या घराण्यातला घ्या.

मग घरात कोण काय खात नाही याची आठवण करा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि ऐन वेळी नेमकं विसरतं. आजोबांना साखर चालत नाही, वहिनींना शेंगदाण्याने त्रास होतो, आजींना कडक काही चावत नाही, बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याला मध अजिबात द्यायचा नाही. उपासाचे नियम तर घरागणिक बदलतात. एका घरात उपासाला कोथिंबीर चालते, दुसऱ्या घरात चालत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ होतात आणि नंतर चार महिने कांदा-लसूण, वांगं बंद होतं. अशा घरात भरल्या वांग्यांचा पहिला प्रयोग श्रावणात काढू नका. सासूबाईंना किंवा आईला आधी विचारलंत तर त्यात कमीपणा काही नाही, उलट वाटणाच्या दोन युक्त्या पदरात पडतील.

दिवसही विचार करून निवडा. पाहुणे यायचे आहेत, सण आहे, ऑफिसातून उशिरा घरी पोहोचणार आहात, हे दिवस नव्या पदार्थाचे नाहीत. सुट्टीची दुपार उत्तम. आणि कुकरला वरण-भात लावून ठेवाच. ताटात वरण, भात, तूप, लिंबू असलं की कोणी उपाशी राहणार नाही, आणि ही खात्री असली की तुमचा हात घाबरत नाही.

कृती वाचताना हातात पेन्सिल घ्या

कृती दोनदा वाचायची. पहिल्यांदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा वाचताना तीन प्रकारच्या जागांवर खुणा करा.

पहिली खूण लपलेल्या वेळावर. "भिजवलेली डाळ 1 वाटी" असं साहित्याच्या यादीत लिहिलेलं असतं. त्या एका शब्दात चार तास दडलेले असतात. "आंबवलेलं पीठ", "मुरवलेलं चिकन", "शिजवून गार केलेला भात" हेही तसंच. राजमा तर रात्रभर भिजला पाहिजे, ते पाणी फेकून नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजला पाहिजे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. ते नीट उकळल्यावरच निष्प्रभ होतं आणि दाणे अर्धवट कच्चे राहिले तर उलट्या-जुलाब होतात.

दुसरी खूण अशा जागी करा, जिथे चूक झाली तर माघार नाही. मीठ कमी पडलं तर घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही. पाणी वाढवता येतं, गचका भात मोकळा होत नाही. लसूण करपला की त्याचा कडूपणा सगळ्या रश्श्यात उतरतो. गुळाची खीर करताना दूध उकळत असताना गूळ घातला तर दूध फाटू शकतं, म्हणून गॅस बंद करून, खीर थोडी निवल्यावर गूळ घालतात. डाळ शिजायच्या आधी चिंच किंवा आमसूल घातलं तर डाळ लवकर शिजत नाही, कारण आंबटपणामुळे दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळला तर तो फुटतो. पदार्थ करताना या खुणांपाशी आलात की बाकी सगळं बाजूला ठेवा, फोन उचलू नका, मुलांच्या अभ्यासाकडे दोन मिनिटं दुसऱ्या कोणाला बघू द्या. बाकीच्या पायऱ्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी चालतं.

तिसरी खूण मोघम शब्दांवर. "कांदा परतून घ्या" हे त्यातलं सगळ्यात फसवं वाक्य. कांदा पारदर्शक व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, गुलाबी व्हायला आठ-दहा आणि बिर्याणीवर घालतो तसा तपकिरी व्हायला मध्यम आचेवर 15 ते 20 मिनिटं सहज लागतात. कृतीत "5 मिनिटं परता, छान तपकिरी होईल" असं लिहिलेलं असलं तरी घड्याळाकडे न बघता रंगाकडे बघा. आच वाढवून वेळ वाचवायला गेलं की कडा जळतात आणि मधला कांदा कच्चा राहतो. "तेल सुटेपर्यंत" म्हणजे वाटणातलं पाणी आटून मसाल्याच्या कडेने तेल दिसू लागतं, कच्चा वास जातो आणि मसाला कढईला न चिकटता गोळा होऊन फिरू लागतो. इथे घाई केली तर रस्सा कितीही उकळला तरी कच्चट लागतो.

शिट्ट्यांचंही असंच. कृती लिहिणाऱ्याचा कुकर 3 लिटरचा असेल, तुमचा 5 लिटरचा. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. पूर्ण दाबाखाली कुकरच्या आत तापमान 120 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि अन्न त्या तापमानात किती वेळ राहिलं यावर शिजणं ठरतं. म्हणून पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून मिनिटं मोजा आणि आपल्या कुकरला तूरडाळ किती वेळात शिजते, हरभरे किती वेळात, हे लिहून ठेवा. एकदा हे आकडे हाताशी आले की कोणाचीही कृती आपल्या घराला बसवता येते.

मापं एकदाच नक्की करून ठेवा

कृतीतला कप साधारण 240 मिलीचा असतो, मोठा चमचा 15 मिलीचा, छोटा चमचा 5 मिलीचा. म्हणजे तीन छोटे चमचे मिळून एक मोठा. घरातली वाटी मात्र कुठल्याही मापाची असू शकते. मापाच्या भांड्याने पाणी घालून आपली वाटी किती मिलीची आहे ते एकदा बघा आणि तीच वाटी स्वयंपाकाची म्हणून वेगळी ठेवा. वाटीने लिहिलेल्या कृतीत सगळं साहित्य एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. घोटाळा होतो तो डाळ वाटीने आणि पाणी पेल्याने मोजल्यावर.

तिखटाचं माप कधीही डोळे झाकून घेऊ नका. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड रंग भरपूर देते, तिखटपणा बेताचा. लवंगी मिरचीची तेवढीच पूड घातली तर मुलं ताटावरून उठतील. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या कांदा-लसूण मसाल्यात बहुधा मीठ घातलेलंच असतं, तो वापरताना मीठ आधी निम्मं घाला. गोडा मसाला, काळा मसाला आणि मालवणी मसाला एकमेकांच्या जागी टाकले तर पदार्थ खाण्याजोगा होतो, पण तो पदार्थ मात्र राहत नाही. पहिल्यांदा करताना तरी सांगितलेला मसालाच घ्या.

प्रमाण दुप्पट करताना तिखट, मीठ आणि हिंग आधी दीडपट घाला, चव बघून वाढवा. निम्मं करताना लक्षात ठेवा, शिजायचा वेळ निम्मा होत नाही.

आता एक पदार्थ पायरीपायरीने: कढीगोळे

वैदर्भीय घरांतला हा पदार्थ नवशिक्यासाठी मला फार योग्य वाटतो. कढी बहुतेक मराठी घरांत होते, म्हणजे ती ओळखीची. नवे आहेत ते फक्त डाळीचे गोळे. आणि ते मोडले तरी डाळ कढीतच उतरते, ती दाट होते आणि भाताशी आवडीने खाल्ली जाते.

चार माणसांसाठी 150 मिलीची वाटी धरू. 1 वाटी हरभरा डाळ चार तास भिजवा. दाणा नखाने दाबल्यावर सहज तुटला की डाळ भिजली. ती चाळणीत 15 मिनिटं निथळू द्या, ही पायरी गाळू नका. ओली डाळ वाटली की मिश्रण सैल होतं आणि गोळे सुटतात.

निथळलेली डाळ, 2 हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, 5-6 लसूण पाकळ्या, अर्धा छोटा चमचा जिरं असं मिक्सरमध्ये पाणी न घालता भरड वाटा. मिक्सर सलग चालवू नका, थांबून थांबून फिरवा, मध्ये चमच्याने खालीवर करा. काही दाणे अर्धे दिसले पाहिजेत. गंधासारखी बारीक डाळ वाटली तर गोळे घट्ट, दडदडीत होतात. फार जाड राहिली तर बांधले जात नाहीत. त्यात चिमूटभर हळद, अर्धा छोटा चमचा मीठ, मूठभर चिरलेली कोथिंबीर घाला आणि मूठ वळून बघा. मुठीचा आकार टिकला की लहान लिंबाएवढे गोळे करून ताटलीत ठेवा. साधारण बारा होतात.

कढीसाठी 2 वाट्या आंबट दही, 2 सपाट मोठे चमचे बेसन आणि 4 वाट्या पाणी घुसळून एकजीव करा, बेसनाची गुठळी राहता कामा नये. दही तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून दाणे बनतात, त्यालाच आपण कढी फुटली म्हणतो. बेसनातला स्टार्च त्यांना धरू देत नाही. गोळे शिजताना कढी आणखी दाट होणार आहे, म्हणून आत्ता ती तुम्हाला थोडी पातळच वाटली पाहिजे.

पसरट पातेल्यात 1 मोठा चमचा तेल तापवा. तेलात एकच मोहरी टाकून बघा. ती लगेच तडतडली तर उरलेली टाका. मोहरी न तडतडता तेलात बसून राहिली तर फोडणी कडवट आणि कच्ची लागते. मग जिरं, सात-आठ मेथीदाणे, कढीपत्ता, एक मिरची चिरून, हिंग. मेथीदाणा तांबूस झाला की गॅस बंद, तो काळा होता कामा नये. हळद गॅस बंद केल्यावर घाला, ती क्षणात करपते. फोडणी मिनिटभर निवू द्या आणि घुसळलेलं ताक ओता. गॅस बारीक करून, 1 छोटा चमचा मीठ घालून, पहिली उकळी येईपर्यंत सतत ढवळा. ही दहा-बारा मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही.

कढी हलकी उकळू लागली की एकच गोळा सोडा. सगळ्या पदार्थात सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. दोन मिनिटांत तो विरघळू लागला तर उरलेल्या मिश्रणात 1 मोठा चमचा बेसन मळा, पुन्हा गोळे वळा. टिकला तर बाकीचे एकेक करून सोडा, कढीची उकळी थांबू न देता, एकावर एक न टाकता. पहिली तीन मिनिटं डाव घालायचा नाही, हवं तर पातेलं दोन्ही हातांनी धरून हलकेच हिसळा. झाकण अर्धवट ठेवून बारीक आचेवर 12 ते 15 मिनिटं शिजवा. गोळे फुगून वर येऊ लागतात. एक काढून मधोमध कापा. आत कच्च्या डाळीचा वास आला नाही आणि मध्यभाग बाहेरच्याच रंगाचा दिसला की झालं.

शेवटी वेगळ्या कढल्यात 2 मोठे चमचे तेल, 7-8 ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि 2 सुक्या मिरच्या अशी फोडणी करा. लसूण सोनेरी झाला की लगेच उतरवा, तापलेल्या तेलात तो उतरवल्यावरही गडद होत राहतो. ही फोडणी कढीत ओतू नका, वाटीत घालून ताटाजवळ ठेवा. गोळे आणि कढी सौम्य, तिखट तेल ज्याचं त्याने वरून घ्यायचं. एकाच घरात आजी, तरणीताठी माणसं आणि चिमुरडी एका पंगतीला बसतात तेव्हा ही पद्धत कोणत्याही नव्या पदार्थाला वापरावी. तिखट वेगळं वाढलं की निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

चव बिघडली तर

खारट झालं तर बटाटा टाकून मीठ शोषलं जातं यावर भिस्त ठेवू नका. पदार्थच वाढवायचा: बिनमिठाची डाळ, पाणी, ताक, नारळ, जे त्यात शोभेल ते. तिखट झालं तर नुसतं पाणी फारसं कामाला येत नाही. शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं, दही किंवा गुळाचा खडा घाला. बुडाला लागलं असेल तर ढवळू किंवा खरवडू नका, वरचं ताबडतोब दुसऱ्या भांड्यात काढा. आणि फोडणी करपली तर ती फेकून द्या. दोन चमचे तेलासाठी अख्खं पातेलं कडू करू नये.

ताटात वाढताना

नवा पदार्थ मोठ्या भांड्याने वाढू नका. प्रत्येकाला थोडासा वाढा, सोबत नेहमीचं जेवण. आवडला तर माणसं मागून घेतात. लहान मुलांना नवी चव पहिल्या घासाला पटली नाही तर जबरदस्ती नको. पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी तोच पदार्थ ताटाच्या कडेला येऊ द्या, मुलांना ओळख पटायला वेळ लागतो. गोळे वळायला मुलांना बसवलंत तर मात्र आपण वळलेला गोळा ती बहुधा खाऊन पाहतात.

"कसं झालंय?" असं विचारलं की घरचे "छान" म्हणतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. नेमकं विचारा: कढी अजून आंबट चालली असती का? गोळे मऊ हवे होते का? लसूण जास्त झाला का? अशा प्रश्नांना उत्तरं मिळतात, आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यांना पुढच्या वेळी तो पदार्थ थोडा आपलाही वाटतो. कोणी नुसतंच नाक मुरडलं तर त्याच जेवणात वाद घालत बसू नका.

वही, आणि त्याच डाळीचे पुढचे पदार्थ

जेवणं झाल्यावर पाच मिनिटं काढून वहीत लिहा: दही किती आंबट होतं, डाळ किती वेळ भिजली, बेसन वाढवावं लागलं का, कोणाला काय कमी-जास्त वाटलं. दुसऱ्यांदा करताना यातली एकच गोष्ट बदला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि दुसरी खेप लवकर करा, हात विसरायच्या आत.

भरड वाटलेली हरभरा डाळ हाताला बसली की पुढचे पदार्थ निवडणं सोपं होतं, कारण प्रत्येकात नवी गोष्ट एकच उरते. तेच मिश्रण चपटं करून तेलात सोडलं की डाळवडे, तिथे शिकायचं ते तेलाचं तापमान. डाळ आलं-मिरचीबरोबर वाटून हिंग-मोहरीच्या भरपूर फोडणीवर झाकण ठेवून वाफवत, परतत मोकळी केली की गणपती विसर्जनाच्या प्रसादाची वाटली डाळ, तिथे शिकायचं ते धीराने परतणं. आणि चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवसांत, भिजवलेली डाळ भरड वाटून त्यात किसलेली कैरी, मीठ, साखर आणि वरून गार केलेली फोडणी घातली की आंबेडाळ, तिला गॅसवर शिजवायचंच नसतं. कैरी किती आंबट आहे ते आधी चाखा आणि त्याप्रमाणे ती घाला. डाळ कच्ची असल्यामुळे ती उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून खायच्या वेळेला लागेल तेवढीच करा आणि त्याच दिवशी संपवा.